एकविसावे घर

दिवाळीच्या सुट्टीत सातवीतल्या लेकीने बुद्धिबळाचा पट जेवणाच्या टेबलावर मांडला आणि पुलावासाठी आणलेला बासमती वाटीत काढून घेतला. वजिराची ती जुनी गोष्ट तिने कुठेतरी वाचली होती. राजा खूश होऊन म्हणतो, हवे ते माग. वजीर मागतो तांदूळ: पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असा दर घराला दुप्पट. तिला ते करून बघायचे होते. "अन्नाशी खेळू नये गं," आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. पण नातीपुढे तिचे फारसे चालत नाही.

पहिली ओळ निघाली तेव्हा आठ घरांत मिळून २५५ दाणे झाले होते. मी वजनकाटा काढला. पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आमच्या बासमतीचे एका ग्रॅमला साधारण पन्नास दाणे भरतात, हे तेव्हा कळले. दहाव्या घरापाशी दाणे शेजारच्या घरांत घरंगळू लागले, मोजणे सुटले आणि आम्ही वजनावर आलो. दुसरी ओळ संपली, सोळा घरे झाली. ६५,५३५ दाणे, एक किलो तीनशे ग्रॅम. डबा जवळजवळ रिकामा झाला आणि पटाची अजून अठ्ठेचाळीस घरे उरली होती.

पुढचे कागदावर केले. एकविसाव्या घरात १०,४८,५७६ दाणे येतात, म्हणजे एकट्या त्या घरात २१ किलो. वाण्याकडची पंचवीस किलोची गोणी जवळपास तिथेच संपते. अर्धा पट भरायला ८६ टन लागतात, म्हणजे दहा टनी नऊ ट्रक. इथवर एखादा बरा व्यापारी वजिराची मागणी पुरवू शकेल. उरलेला अर्धा पट मात्र माणसाच्या आवाक्यातला नाही. चौसष्ट घरांचे एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

हा आकडा वाचायचा कसा? कोटीच्या पुढे आपली जीभ अडखळते, पण आपल्याकडे शब्द होते. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकं, दहं, शतंपासून सुरू होणारी स्थानांची माळ परार्धापर्यंत जाते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या हिशोबाने वजिराचे दाणे १८४ परार्धांच्या वर भरतात. माळ संपते, दाणे संपत नाहीत. आमच्या बासमतीच्या वजनाने ते ३६ हजार ९०० कोटी टन होतात. जगात वर्षाला ५० कोटी टनांहून थोडा जास्त तांदूळ पिकतो, तेव्हा सातशे वर्षांचे पीक झाले. तो ठेवणार कुठे? गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर दीड मीटरचा थर बसेल. लेक टेबलाशेजारी उभी राहिली आणि तिने हनुवटीखाली हात धरून दाखवला: इथपर्यंत.

ही गोष्ट १२५६ साली इब्न खल्लिकान या अरबी चरित्रकाराने लिहून ठेवली होती. आज ती गुंतवणुकीच्या प्रत्येक सेमिनारमध्ये पडद्यावर येते. सूट घातलेला माणूस शेवटच्या घराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ही बघा चक्रवाढीची ताकद. मला त्यात नेहमी एक लबाडी वाटत आली आहे. चौसष्टावे घर कोणीच पाहिलेले नाही. पैसा पटावर खरोखर किती घरे चालतो, हे मोजून कोणी दाखवत नाही. म्हणून मी ते मोजायचे ठरवले.

मोजण्याची रीत सोपी आहे. ७२ला व्याजाच्या दराने भागा, जी वर्षे येतील तेवढ्यात पैसा दुप्पट होतो, म्हणजे एक घर पुढे सरकतो. इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या गणिताच्या ग्रंथात हा नियम सापडतो. दर बारा टक्के असेल तर सहा वर्षांना एक घर, सहा टक्के असेल तर बारा वर्षांना. दहा घरे चालले की हजारपट, वीस घरे चालले की दहा लाखपट. एवढे डोक्यात ठेवले की कुठल्याही योजनेचे पत्रक हातात आल्यावर निम्मी हवा आपोआप निघून जाते.

आपल्याकडे ही चाल कमी का वापरली गेली, याचेही उत्तर 'लीलावती'च्या आसपासच मिळते. त्यात एक उदाहरण आहे: दरमहा शेकडा पाच व्याजाने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती? उत्तर ६२५, व्याज ३७५. म्हणजे वर्षाला शेकडा साठ, पण सरळव्याज. व्याजावर व्याज नाही. शिवाय धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो मानत. सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. पटाच्या भाषेत सांगायचे तर सावकाराला एक घर चालायची मुभा होती, पुढे कुंपण. कर्जदार कुणबी जगावा म्हणून ते कुंपण घातले होते आणि ते शहाणपणाचेच होते. फक्त आपल्या बचतीच्या म्हणीही त्या कुंपणाच्या आतच घडल्या. थेंबे थेंबे तळे साचे. यात थेंब थेंबच राहतो, तळ्याला पिल्ले होत नाहीत. ती बेरीज आहे. चक्रवाढ ही दुसरीच जात.

आता खरी घरे मोजू.

पोस्टातले किसान विकास पत्र १९८८ साली आले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट देत असे. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षे सात महिने. त्या काळात पोस्टाबाहेर रांगा लावणाऱ्यांना आजच्या मानाने चालीचा घोडा मिळाला होता. अर्थात महागाईही घोड्यावरच होती. भांडवली नफ्यावर कर लावताना प्राप्तिकर खाते महागाईचा जो निर्देशांक धरते, तो १९८१-८२मध्ये १०० होता, २००१-०२मध्ये ४२६ झाला. मग पुन्हा १००पासून मोजायला सुरुवात केली आणि २०२५-२६ला तो ३७६वर आला. दोन्हींचा गुणाकार सोळा पट. तोही महागाईची पूर्ण वाढ पकडत नाही, तीन-चतुर्थांशच पकडतो. म्हणजे या चव्वेचाळीस वर्षांत नुसत्या भाज्या-भाड्याने किमान चार घरे चालून घेतली. ज्याचा पैसा याच काळात चार घरे चालला, तो जागच्या जागीच उभा आहे.

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १९७८-७९ला १०० धरून मोजतात. जुलै २०२४मध्ये तो ८०,०००च्या वर गेला. आठशे पट. लाभांश सोडून नऊहून अधिक दुपटी. दहावे घर ओलांडले, अकरावे अजून यायचे आहे. त्याला पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेतल्या वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने तर स्वतःचा आकडा जाहीरच केला आहे: १९६४ ते २०२४ या काळात एकूण वाढ ५५,०२,२८४ टक्के. टक्के बाजूला ठेवले तर पंचावन्न हजार पट. जगभरचे लोक ज्याचे पत्र देवाच्या पोथीसारखे वाचत आले, तो माणूस साठ वर्षांत किती घरे चालला? दुपटी सोळालाही थोड्या कमीच. सतरावे घर गाठलेले नाही. आणि सरासरी दराने मोजले तर पहिल्या तीस वर्षांत २३० पट, म्हणजे शेवटच्या ढिगाचा अर्धा टक्काही नाही. पहिली तीस वर्षे संपेपर्यंत पंचावन्न हजारांतले जवळजवळ काहीच झालेले नव्हते.

आमच्या टेबलावर सोळा घरे भरली होती. बफेच्या मुद्दलाचा एक दाणा धरला, तर त्यांचे साठ वर्षांचे कर्तृत्व आमच्या दुसऱ्या ओळीच्या टोकाशी, एका बासमतीच्या डब्यात मावत होते.

मग एकविसावे घर कोणी पाहिले आहे का? पाहिले आहे, आणि ते पाहायला बफे यांच्या ओमाहाला जावे लागत नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर जळगाव जिल्ह्यात उतरायचे.

अमळनेर. बोरी नदीकाठचे गाव. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, २०२४च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन भरले. भोवती खानदेशातला भुईमुगाचा पट्टा. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. शेंगदाण्याच्या तेलाचे वनस्पती तूप बनवायचे, उरल्यासुरल्यातून ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. पुढच्याच वर्षी शेअर्स लोकांना विकले, आणि आसपासच्या लोकांनी ते घेतले. १९६६ला प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून आला आणि तुपाचा कारखाना पाहू लागला. १९७०च्या दशकाच्या शेवटी आयबीएम भारत सोडून गेली. संगणकाच्या बाजारात मोकळी जागा तयार झाली आणि या तुपाच्या कंपनीने त्या जागेत पाय ठेवला. लांबलचक नाव आटून आटून विप्रो झाले.

आता हिशोब. समजा १९८० साली अमळनेरच्या कोणा घरात या कंपनीचे शंभर शेअर्स होते. दर्शनी किंमत प्रत्येकी १०० रुपये, एकूण १०,०००. बाजारभाव वेगळा असणार, पण पटावर कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून दर्शनी किंमतच धरू. त्या घराने पुढे काही म्हणजे काहीही केले नाही. एक पैसा घातला नाही, एक कागद विकला नाही. १९८१ला एकास एक बोनस आला, दोनशे झाले. १९८५ला पुन्हा एकास एक, चारशे. १९८६ला शंभराचा शेअर दहा रुपयांच्या दहांत फोडला, चार हजार. १९८७ला आठ हजार, १९८९ला सोळा हजार, १९९२ला बत्तीस हजार, १९९५ला चौसष्ट हजार. १९९७ला एकास दोन, म्हणजे १ लाख ९२ हजार. १९९९ला दहाचा शेअर दोन रुपयांचा झाला: ९ लाख ६० हजार. २००४ला एकास दोन, २८ लाख ८० हजार. २००५ला ५७ लाख ६० हजार. २०१०ला तिनास दोन, ९६ लाख. २०१७ला १ कोटी ९२ लाख. २०१९ला तिनास एक, २ कोटी ५६ लाख. २०२४च्या डिसेंबरात एकास एक: ५ कोटी १२ लाख शेअर्स.

शंभराचे पाच कोटी बारा लाख. इथे लगेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बोनस म्हणजे फुकटचे सोने असा समज होतो. भाकरीचे चारऐवजी आठ तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. बोनस जाहीर झाला की भाव त्याच प्रमाणात खाली येतो. भाकरी थापली गेली ती कंपनीच्या धंद्यात. तुकडे करणे हे नुसते वाढणे. तरीही तुकड्यांची मोजदाद उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे आजची किंमत काढता येते. २०२५मध्ये विप्रोचा भाव २५०च्या आगेमागे राहिला. पाच कोटी बारा लाख गुणिले अडीचशे: १२८० कोटी रुपये.

दहा हजारांचे १२८० कोटी. बारा लाख ऐंशी हजार पट, लाभांश सोडून. वीस दुपटी आणि वर थोडे. एकविसावे घर ओलांडलेला हा खरा दाणा.

याच हिशोबाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, कारण ती ऐकवत नाही. समजा त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घराने १९८० साली मुलीच्या लग्नासाठी शंभरातले दहा शेअर्स विकले. हजार रुपये आले, मांडवाचे आणि जिलबीचे भागले. ते दहा शेअर्स २०२५च्या भावाने १२८ कोटींचे असते. म्हणजे ते लग्न चुकीचे होते का? मुळीच नाही. मुलगी १९८० साली उजवायची होती, २०२५ साली नव्हे. श्रीमंतीचे गणित सांगणारे लोक घराला वाटेत लागणारा पैसा हिशोबातच धरत नाहीत. माणसे मूर्ख म्हणून विकत नाहीत. आजारपण येते, विहिरीला पाणी लागत नाही, धाकट्याला पुण्याला शिकायला पाठवायचे असते.

मग ज्यांनी विकले नाहीत त्यांनी ते कसे साधले? ज्याला त्याला आपापले कारण असणार, पण एक कारण मला फार मोठे वाटते: विकणे कटकटीचे होते. शेअर म्हणजे छापील कागद. विकायचा तर दलाल शोधा, हस्तांतराचा फॉर्म भरा, सही कंपनीकडच्या सहीशी तंतोतंत जुळली पाहिजे, मग टपाल, मग वाट. सही जरा वाकडी झाली की कागद परत. त्यापेक्षा ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली पडलेला बरा. भाव रोज डोळ्यांसमोर नाचत नव्हता. या आळसाने जे केले ते भल्याभल्या अभ्यासकांना जमले नाही. आता २०२३च्या जानेवारीपासून शेअर विकला की दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ण होतो, आणि विकायला अंगठ्याची तीन टिचक्यांची हालचाल पुरते. या सोयीचे कौतुक करताना माझा हात थोडा आखडतो.

याच सोयीच्या पोटातून वायदेबाजार घराघरांत आला. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०२१-२२पासूनच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. भागाकार करून पाहा: सुट्ट्या न वगळता रोज १६४ कोटी. अमळनेरच्या त्या काल्पनिक घराची पंचेचाळीस वर्षांची पुंजी या हिशोबाने आठ दिवसांत उडते.

पण विप्रोच्या दाण्याबद्दल अजून एक गोष्ट राहिली, आणि मला स्वतःला तीच सगळ्यांत चक्रावून टाकते. फेब्रुवारी २०००मध्ये जगभर तंत्रज्ञानाचे वेड शिगेला होते. तेव्हा विप्रोचा दोन रुपयांचा शेअर नऊ हजारांच्या वर गेला होता. आपल्या घराकडे तेव्हा ९ लाख ६० हजार शेअर्स होते. गुणाकार ८६४ कोटी. म्हणजे पहिल्या वीस वर्षांत दाणा पावणेवीस दुपटी चालला. आणि नंतरच्या पंचवीस वर्षांत? ८६४चे १२८०. दीड पटही नाही. अर्ध्या घराच्या जरासे पुढे.

तोच शेअर, तीच कंपनी, तेच न विकणारे घर. १९८०ला घेणाऱ्याला एकविसावे घर दिसले. २०००च्या फेब्रुवारीत घेणाऱ्याचे पुढच्या पावणेदोन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे वाहून गेले. लाभांश सोडला तर तो २०२५मध्येही बँकेच्या बचत खात्याच्या मागेच होता: साडेतीन टक्क्यांनी पंचवीस वर्षांत पैसा सव्वादोन पटींच्या वर जातो. 'चांगली कंपनी घ्या आणि विसरून जा' असे म्हणणारे कुठल्या वर्षी घेतली हे सांगायचे विसरतात.

तेच बाजाराचे. २२ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ४,४६७वर होता. मग रोखे घोटाळा बाहेर आला. अकरा वर्षांनी, २००३च्या एप्रिलात, तो तीन हजारांच्याही खाली रेंगाळत होता. १९९२ला पन्नाशीत असलेला माणूस तोवर निवृत्त झाला. जपानच्या निक्केईने २९ डिसेंबर १९८९ला ३८,९१५चा टप्पा गाठला, तो पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षे पट जागेवर, उलट मध्ये बरीच घरे मागे. आणि कुठला दाणा पुढे चालेल हे सुरुवातीला कपाळावर लिहिलेले नसते. १९८६ साली सेन्सेक्समध्ये जी तीस नावे निवडली त्यांत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्थान मोटर्स होती, चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. प्रीमिअरची फियाट आणि हिंदुस्थानची अँबॅसिडर रस्त्यावर दिसेनाशा झाल्या, बल्लारपूर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या काळात वनस्पती तुपाच्या कंपनीवर पैज लावणारा वेडा ठरला असता.

हा पट शेवटपर्यंत चालला तर काय होते, हे बघायला मुंबईचेच उदाहरण घेऊ. पोर्तुगीजांकडून आंदणात आलेले मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले. समजा राजाने पहिल्या वर्षाचे ते दहा पौंड कुठेतरी चक्रवाढीने ठेवले. २०२५पर्यंत ३५७ वर्षे झाली. पाच टक्क्यांनी त्याचे ३६ कोटी ७० लाख पौंड होतात. नरिमन पॉइंटवर थोडीफार जागा येईल. सहा टक्क्यांनी १,०८० कोटी. सात टक्क्यांनी ३०,९०० कोटी. आठ टक्क्यांनी साडेआठ लाख कोटी पौंड, म्हणजे ब्रिटनच्या सगळ्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ तिप्पट. पाच आणि आठ यांत फरक तीन टक्क्यांचा, आणि निकालात तेवीस हजार पट. आठ टक्क्यांनी ते दहा पौंड एकोणचाळीस घरे चालले असते. चालले नाहीत, कारण इतकी वर्षे उभी राहील अशी तिजोरीच नसते. राजघराणी बदलतात, चलने फुटतात, बँका बुडतात. भाडे भरणारी ईस्ट इंडिया कंपनीच १८७४ला विसर्जित झाली.

तर मग पगारदार माणसाच्या वाट्याला किती घरे येतात? पंचविसाव्या वर्षी नोकरी, साठाव्या वर्षी निवृत्ती. बारा टक्के मिळाले असे धरू (मिळतीलच असे कोणी लिहून देत नाही). सहा वर्षांना एक घर, पस्तीस वर्षांत जेमतेम सहा. म्हणजे आपल्याला चौसष्ट घरांचा पट कधी मिळालेलाच नव्हता. आपला पट सहा घरांचा, एक अपूर्ण ओळ.

आणि या छोट्या पटाची गंमत अशी की उशीर सुरुवातीला होतो, पण कापले जाते ते शेवटचे घर. शेवटच्या घरात तर आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेहूनही जास्त दाणे असतात. आमच्या टेबलावर लेकीने ते पाहिले होते. दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी पंचविसाव्या वर्षी सुरू केली, बारा टक्के धरले, तर साठाव्या वर्षी सव्वातीन कोटी होतात. घातलेले २१ लाख. हीच पस्तिसाव्या वर्षी सुरू केली तर ९५ लाख. सहा लाख कमी घातले आणि दोन कोटी तीस लाख गेले. पहिल्या दहा वर्षांत 'आत्ता कुठे एवढी घाई' म्हणणारा माणूस नकळत साठीच्या उंबऱ्यावरची दीड-दोन घरे पुसत असतो. पण पंचविशीतल्या पोराला त्याच्या साठीतले घर दाखवणार कसे?

एक टक्काही तसाच चोरपावलांनी खातो. म्युच्युअल फंडांच्या डायरेक्ट योजना २०१३च्या जानेवारीत सुरू झाल्या. एजंटाचे कमिशन त्यांत नसल्याने खर्च कमी, बऱ्याच इक्विटी योजनांत अर्ध्यापासून एक टक्क्यापर्यंत. ऐकायला किरकोळ. वरच्याच एसआयपीला बाराऐवजी अकरा टक्के मिळाले, तर सव्वातीन कोटींचे अडीच कोटींच्या आत येतात. पंचाहत्तर लाख गेले, म्हणजे आयुष्यभर घातलेल्या मुद्दलाच्या साडेतीन पट, आणि कोणी खिशात हात घातल्याचे जाणवलेही नाही. चांगला सल्लागार त्या पैशांच्या मोलाचा असू शकतो, विशेषतः २००८सारख्या पडझडीच्या वर्षी तो हात धरून बसवत असेल तर. पण किंमत माहीत असावी.

सव्वातीन कोटींवरही फार हुरळून जायला नको. सहा टक्के महागाईने पस्तीस वर्षांनंतरचे ते सव्वातीन कोटी आजच्या ४२ लाखांइतकेच भरतात. सहा घरे चाललात, त्यांतली तीन महागाईने आधीच चालून घेतली होती.

ट्रंकेतल्या कागदांवर एक सरकारी टीपही आहे. सात वर्षे सलग लाभांश कोणी उचलला नाही तर कायद्याने तो शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातो. परत मागता येतो, पण वारसांची दमछाक होते. तेव्हा न विकणे वेगळे आणि विसरणे वेगळे. अमळनेरच्या त्या घराने कागद विकला नाही, पण पत्ता बदलला तेव्हा कंपनीला पोस्टकार्ड टाकले असणार.

टेबलावरचा तांदूळ मात्र विसरून चालणार नव्हता. आईने सोळा घरांचे सगळे दाणे परातीत ओढले, लाकडी पट हलवून उरलेलेही झटकले, आणि दोनदा धुवून भिजत घातले. "सव्वा किलोच्या वर आहे हा," ती म्हणाली, "घरात माणसे चार. आता वरच्या मजल्यावरच्यांना सांगा जेवायला, आणि समोरच्यांनाही." लेक बोटांवर मोजायला लागली: एक मजला, दोन मजले, चार...

"तेवढे पुरे," आई म्हणाली, आणि कांदे चिरायला घेतले.